नाशिकच्या उन्हात पडवीवर इन्सुलेटेड छप्पर: जागा पाहण्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत

एप्रिलच्या दुपारी साध्या पत्र्याच्या शेडखाली पाच मिनिटं उभं राहून पाहा. सावली असते, वाराही लागतो, तरी डोक्यावरून झळ उतरत राहते. हवा चाळीस अंशांची असते, पण वरचा पत्रा साठीच्या पुढे तापलेला असतो आणि तो खालच्या माणसाकडे सतत उष्णता फेकत असतो. झाडाखाली जे बरं वाटतं ते पत्र्याखाली वाटत नाही, त्याचं कारण हेच.

इन्सुलेटेड छप्पर ही वरून येणारी झळ थांबवतं. बाजूंनी उघड्या पडवीतली हवा मात्र बाहेरच्याइतकीच गरम राहणार, कितीही महाग पॅनेल टाकलं तरी. हे आधीच समजून घेतलं तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. नवं घर बांधलेली, गच्चीवर किंवा मागच्या अंगणात बसायची जागा करू पाहणारी बहुतेक मंडळी सगळा विचार पॅनेलच्या जाडीवर खर्च करतात. नाशिकमध्ये छप्पर टिकतं की उडतं, गळतं की कोरडं राहतं, हे ठरतं पायावर, उतारावर आणि जोडांवर. म्हणून या लेखात पॅनेलपेक्षा त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

आधी ऊन कुठून येतं ते पाहा

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या विसाव्या-बाविसाव्या तारखेच्या सुमाराला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला साडेशेहेचाळीस अंशांपर्यंतच चढतो आणि थंडीत हवंहवंसं ऊन दक्षिणेच्या बाजूने पडवीत शिरतं. म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारी बाराचं ऊन छप्पर अडवेल, पण तीन ते साडेसहाचं ऊन पश्चिमेकडून तिरपं आत येईल आणि ते कुठलंच छप्पर पूर्णपणे अडवू शकत नाही.

त्यासाठी जमत असेल तर छपराची खालची बाजू, म्हणजे वळचण, पश्चिमेला ठेवा. वळचण जितकी खाली तितकं तिरपं ऊन कमी. पावसाळी वाराही आपल्याकडे मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडूनच येतो, त्यामुळे झडही कमी आत येते. डोकं आपटू नये म्हणून वळचणीची उंची सात फुटांच्या खाली नेऊ नका. उरलेल्या उन्हासाठी पश्चिमेला बांबूची चिक, वाळ्याचा पडदा किंवा शेडनेट लावायला आत्ताच एक आडवा पाईप ठेवून घ्या. शेडनेट आपल्याकडे द्राक्षवाल्यांमुळे कुठेही मिळते.

आणखी एक गोष्ट. पडवी ज्या खोलीला लागून आहे त्या खोलीचा उजेड नंतर किती कमी होईल? इन्सुलेटेड पॅनेलमधून प्रकाश अजिबात येत नाही. स्वयंपाकघराची एकमेव खिडकी पडवीत उघडत असेल तर दिवसाही दिवा लावावा लागेल. अशा वेळी भिंतीपासून दोन-तीन फूट जागा मोकळी सोडून छप्पर पुढे घेता येतं, किंवा भिंतीला लागून एक पट्टी पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या प्लास्टिकची, ठेवता येते. दुसरा उपाय उन्हाळ्यात थोडी उष्णता आत घेतो, आणि दोन वेगळ्या साहित्यांचा जोड हा गळतीचा जुना पत्ता असतो, हे लक्षात ठेवा. माझी पसंती मोकळ्या जागेला.

परवानगीचं काम सुरुवातीलाच

बंगल्याच्या सामासिक अंतरात, म्हणजे प्लॉटची हद्द आणि बांधकाम यांच्यामध्ये सोडायच्या जागेत, पक्कं छप्पर टाकलं तर ते बांधकाम धरलं जाऊ शकतं. नाशिक महापालिकेच्या हद्दीत राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. घराचा मंजूर नकाशा घेऊन परवानाधारक अभियंत्याला किंवा आर्किटेक्टला एकदा भेटा आणि लेखी सल्ला घ्या. "साहेब, सगळेच टाकतात" हे फॅब्रिकेटरचं उत्तर परवानगीच्या जागी चालत नाही. देवळाली कॅम्पात घर असेल तर कारभार छावणी मंडळाचा असतो, तिथे वेगळी चौकशी करावी लागते.

सोसायटीत गच्ची सामाईक असते. वरच्या मजल्यावर राहतो म्हणून ती आपली होत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव झाल्याशिवाय एक पाईपही वर नेऊ नका. सिडकोतल्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत शेजाऱ्याशी आधी बोलणं गरजेचं आहे, कारण छपराच्या पागोळ्या त्यांच्या ओट्यावर पडल्या तर पहिल्याच पावसात वाद सुरू होतो. पाणी आपल्याच हद्दीत उतरेल अशी पन्हाळ दाखवली की बहुतेक शेजारी मान्य करतात.

साहित्य कोणतं

नाशिकमध्ये आज जे सर्रास मिळतं ते असं.

पफ पॅनेल, म्हणजे वर आणि खाली रंगीत पत्रा आणि मध्ये पॉलियुरेथेनचा फोम. साधारण ४० किलो प्रति घनमीटर घनतेचा हा फोम उष्णता अडवण्यात बाकीच्यांच्या पुढे आहे. त्याची उष्णतावाहकता ०.०२३ वॅट प्रति मीटर प्रति अंशाच्या आसपास असते. थर्माकोलची, म्हणजे ईपीएसची, ०.०३७ च्या आसपास. अर्थ असा की ५० मिमी पफ जे काम करतं त्यासाठी थर्माकोल ८० मिमी लागेल. थर्माकोलचं पॅनेल स्वस्त असतं, पण कोटेशनची तुलना करताना सारख्या जाडीची करू नका, सारख्या कामाची करा.

रॉकवूल पॅनेलमध्ये दगडापासून बनवलेली लोकर असते. उष्णता अडवण्यात ते थर्माकोलच्या जवळपास, वजनाने बरंच जड, पण जळत नाही. पडवीत चूल, तंदूर किंवा गॅसची मोठी शेगडी येणार असेल तर त्या भागावर रॉकवूलच टाकावं असं मी म्हणेन. फोमला पत्र्याचं संरक्षण असलं तरी तो ज्वलनशील आहे. पीआयआर नावाचा सुधारित फोम आगीत पफपेक्षा बरा वागतो, मिळाला आणि परवडला तर जरूर घ्या.

पत्र्याखाली चिकटवायची चकचकीत बबल शीट खूप विकली जाते. ती काम करते ती तिच्या चमकेमुळे, आणि चमकणाऱ्या बाजूला निदान इंचभर हवेची पोकळी असेल तरच. पत्र्याला चिकटवून खालची बाजू उघडी ठेवली तर पहिली दोन वर्षं फरक जाणवतो, मग धूळ बसते आणि चमक जाते. जुनं शेड आधीच उभं असेल आणि बजेट कमी असेल तर आधी वरून पांढरा उष्णतारोधक रंग लावा. त्या खर्चात मिळणारा तो सगळ्यात मोठा दिलासा आहे.

नुसतं पॉलिकार्बोनेट उन्हाळ्यासाठी नको. ते ऊन आत घेतं. मंगलोरी कौलं सुंदर दिसतात, पंचवटीतल्या जुन्या वाड्यांवर अजून आहेत, पण त्यांना २५ अंशांच्या आसपास उतार लागतो आणि छोट्या पडवीत तेवढी उंची मिळत नाही. ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे टाळा. ते कापताना उडणारे तंतू फुप्फुसात जातात आणि ते धोकादायक आहेत.

बहुतेक घरांसाठी पफ पॅनेल हेच उत्तर. पण ते छपराचं पॅनेल हवं, ज्याच्या वरच्या पत्र्याला उंच रिबा, म्हणजे लांबीभर जाणारे उंचवटे, असतात आणि एका पॅनेलची रिब दुसऱ्याच्या रिबेवर चढते. भिंतीचं पॅनेल सपाट असतं. पिंपळगाव, दिंडोरीकडच्या शीतगृहांतून निघालेली जुनी सपाट पॅनेल स्वस्तात मिळाली तरी छपराला वापरू नका. त्यांच्या सांध्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते.

जाडी किती घ्यावी

द्राक्षांच्या शीतगृहात आत शून्याच्या आसपास तापमान ठेवायचं असतं आणि बाहेर चाळीस. तिथे जाड पॅनेल हवंच. तुमच्या पडवीत परिस्थिती वेगळी आहे. वरचा पत्रा ६५ अंश आणि खालची हवा ४० धरा. ३० मिमी पफ टाकलं तर आतला पत्रा हवेपेक्षा अंदाजे अडीच अंशांनी गरम राहील. ५० मिमी टाकलं तर दीड अंशाने. साध्या पत्र्याखाली हाच फरक वीस अंशांच्या वर असतो. म्हणजे पहिल्या ३० मिमीनेच जवळजवळ सगळं काम केलेलं असतं.

मग ५० का घेतात? कारण ते जास्त अंतरावर आधाराशिवाय टिकतं, त्यामुळे खालचे आडवे पाईप कमी लागतात, चालताना वाकत नाही आणि उद्या पडवी बंद करून एसी लावायचा झाला तर उपयोगी पडतं. ४० किंवा ५० ठीक. त्यावर ८० किंवा १०० घेण्यात बाजूंनी उघड्या पडवीत पैसे वाया जातात. तेच पैसे पाईपच्या जाडीत आणि फ्लॅशिंगमध्ये, म्हणजे कडा आणि जोड झाकणाऱ्या वाकवलेल्या पत्र्यात, घाला.

रंग पांढरा किंवा ऑफव्हाइट घ्या, वरूनही आणि खालूनही. गडद निळा आणि विटकरी रंग आपल्याकडे लोकप्रिय आहेत, पण ते ऊन पितात. वरचा पत्रा मुळात कमी तापला तर फोमवरचं कामच कमी होतं. खालची बाजू पांढरी असली की पडवी उजळही राहते.

पॅनेल वजन करून घ्या

पावसाचा आवाज, गारांचे पोचे, गंज आणि ताकद हे सगळं पत्र्याच्या जाडीवर अवलंबून असतं, आणि नेमका तोच कमी करून दिला जातो. वरचा पत्रा ०.५ मिमी सांगायचा आणि ०.३ द्यायचा. डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं.

दुकानदाराकडून ५० मिमी पॅनेलचा एक फूट बाय एक फूट तुकडा मागा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. दोन्ही बाजूंना ०.५ मिमी पोलादी पत्रा आणि ४० घनतेचा फोम असेल तर तुकडा ९०० ते १००० ग्रॅम भरेल. ६०० च्या आसपास भरला तर पत्रा ०.३ च्या घरातला आहे. मग तुकडा तोडून फोम पाहा. पफ एकसंध, बारीक छिद्रांचा आणि पिवळसर असतो. पांढरे दाणे सुटे होऊन हातात आले तर ते थर्माकोल आहे. फोम पत्र्यापासून नखाने सहज सुटत असेल तर ते पॅनेल घेऊ नका, कारण पत्रा आणि फोम चिकटून एकत्र काम करतात तेव्हाच त्यात ताकद येते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरी पट्ट्यात गारपीट होते तशी शहरातही कधी होते. वरचा पत्रा ०.५ असेल तर बहुतेक गारांनी फक्त पोचे पडतात.

पाया: काळ्या मातीवर विश्वास ठेवू नका

आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ, पाथर्डी या भागांत अनेक प्लॉट मुळात शेती होते. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उभा केलेला खांब दोन वर्षांत तिरका होतो आणि तो हलला की वरचा प्रत्येक जोड हलतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचाच. दीड बाय दीड फूट आणि निदान अडीच फूट खोल, त्यात काँक्रीट आणि त्यात बोल्ट आधीच बसवलेले. फरशीवर बेस प्लेट, म्हणजे खांबाच्या बुडाची लोखंडी प्लेट, ठेवून चार अँकर मारून खांब उभा करण्याचा प्रकार सर्रास चालतो. फरशीखाली तीन इंचांचा कोबा आणि भराव असतो, ते अँकर कशातच नसतात.

वजन पेलायला इतका पाया कशाला, असा प्रश्न इथे प्रत्येकाला पडतो. पायाचं खरं काम छप्पर खाली धरून ठेवणं हे आहे. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठीचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतो, म्हणजे ताशी साधारण १४० किमी. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या घरात जातो. बारा बाय पंधरा फुटांच्या पडवीचं छप्पर १७ चौरस मीटरचं. ५० मिमी पॅनेलचं वजन चौरस मीटरला दहा किलो धरलं तर सगळी पॅनेल मिळून १७० किलो. त्यांना वर उचलणारा वाऱ्याचा जोर मोकळ्या माळावर दीड टनापर्यंत जाऊ शकतो. आजूबाजूच्या घरांच्या आडोशाने तो निम्मा झाला तरी पॅनेलच्या वजनाच्या चौपटीहून जास्त आहे. बाजू उघड्या असलेल्या शेडला वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो, दोन्ही एकाच वेळी. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसाआधी जो सुसाट वारा सुटतो त्यात पत्रे उडतात ते याच कारणाने. वर सांगितलेल्या मापाच्या एका खड्ड्यात साधारण ३८० किलो काँक्रीट बसतं, चार खड्ड्यांत दीड टन. आता ते माप वाढीव वाटणार नाही.

गच्चीवर प्रश्न उलटा असतो. तिथे खाली स्लॅब आहे, पण स्लॅबवर वीटबॅट कोब्याचं वॉटरप्रूफिंग आहे. त्यात अँकरसाठी ड्रिल मारलं की पुढच्या पावसाळ्यात खालच्या बेडरूमच्या छताला ओल येते आणि भोक कुठलं ते शेवटपर्यंत सापडत नाही. योग्य पद्धत अशी: इमारतीचे कॉलम जिथे आहेत तिथेच, त्या जागेपुरता कोबा काढून, केमिकल अँकरने, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून, सळया बसवून नऊ इंच ते एक फूट उंचीचे काँक्रीटचे ठोकळे उभे करायचे, त्यांच्याभोवती वाटा, म्हणजे कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर उतार, काढून वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचं आणि बेस प्लेट ठोकळ्यावर बसवायची. पॅरापेटची भिंत विटांची असते, तिच्यात छपराचा आधार घेऊ नका. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हे काम सुरूच करू नये.

सांगाडा

उभ्या खांबांना ७५ बाय ७५ मिमी किंवा त्याच्या जवळपासचा चौकोनी पाईप, आडव्या मुख्य तुळईला पडवीच्या रुंदीनुसार, आणि ज्यांच्यावर पॅनेल बसतं त्या पर्लिनला ५० बाय ५० मिमी. पाईपच्या पत्र्याची जाडी २ मिमीपेक्षा कमी नको. ५० मिमी पॅनेलसाठी पर्लिनमधलं अंतर चार ते पाच फूट ठेवा. टोकाच्या पर्लिनवर वाऱ्याचा जोर सगळ्यात जास्त असतो, म्हणून वळचणीजवळचं अंतर त्याहून कमी.

पोलाद किलोवर घ्या आणि वजनकाट्याची पावती ठेवा. वेल्डिंगचा प्रत्येक जोड घासून, गंज आणि पापुद्रे काढून, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइल पेंट. पाईपची उघडी तोंडं टोपी वेल्ड करून बंद करा, नाहीतर पाणी आत साचून पाईप आतून गंजतो आणि बाहेरून कळतही नाही.

सगळं वेल्डिंग आणि रंगकाम पॅनेल वर जाण्याआधी संपलं पाहिजे. पॅनेल बसल्यावर "एक छोटा टाका मारायचा राहिला" म्हणून कोणी मशीन काढलं तर थांबवा. ठिणगी उघड्या फोमच्या कडेला लागली तर आग धुमसत जाते.

उतार आणि पन्हाळ

दहा फुटांना एक फूट उतार ठेवा. कंपन्यांचं किमान माप त्याहून थोडं कमी असतं, पण आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यात उन्हाळाभर बसलेली धूळ आणि गुलमोहराच्या पाकळ्या रिबांमध्ये अडकतात. उतार जास्त असला की छप्पर स्वतःच धुतलं जातं.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाभरात ५० मिमीची सर आली तर १७ चौरस मीटरवरून ८५० लिटर पाणी एका वळचणीला येतं. त्यासाठी सहा इंची पन्हाळ आणि ११० मिमीचा पीव्हीसी पाईप घ्या. पन्हाळीलाही पाईपच्या तोंडाकडे थोडा उतार द्या. पाईप गच्चीवर किंवा पायाजवळ सोडू नका, नालीपर्यंत न्या. बोअर असेल तर पुनर्भरणाच्या खड्ड्यात नेलेलं उत्तम. मात्र पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाजूला काढायची सोय ठेवा.

पॅनेल बसवताना

लांबीची ऑर्डर सांगाडा उभा राहिल्यावर, प्रत्यक्ष माप घेऊन द्या. वरपासून वळचणीपर्यंत एकच सलग पॅनेल हवं, मधे जोड नको. गल्ली अरुंद असेल तर पंधरा-अठरा फुटांचा तुकडा वळेल का हेही तेव्हाच पाहा.

वर चढवण्याआधी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. पहिलं पॅनेल जरा तिरपं बसलं तर शेवटचं बोटभर बाहेर जातं.

पत्र्यावरचं संरक्षक प्लास्टिक बसवतानाच काढा. उन्हात राहिलं तर ते भाजून चिकटतं आणि मग रंगासकट निघतं.

उतार पश्चिमेला असेल तर पॅनेल उत्तरेकडून लावायला सुरुवात करून दक्षिणेकडे जा. म्हणजे चढलेल्या रिबेचं तोंड नैऋत्येच्या वाऱ्यापासून लपतं आणि झडीचं पाणी सांध्यात ढकललं जात नाही. प्रत्येक सांध्यात रिब चढवण्याआधी ब्यूटाइल टेपची, म्हणजे चिकट रबरी टेपची, सलग पट्टी लावून घ्या. हे काम नंतर करता येत नाही.

स्क्रू सेल्फ ड्रिलिंग आणि ईपीडीएम रबराच्या वॉशरचा, रिबेच्या माथ्यावर. सपाट भागात मारलेला स्क्रू पाण्याच्या वाटेत उभा असतो. स्क्रूची लांबी म्हणजे पॅनेलची जाडी, रिबेची उंची आणि पर्लिनमध्ये शिरायला निदान २५ मिमी. रिबेवर टोपीसारखा सॅडल वॉशर घातला तर वाऱ्याने स्क्रूभोवतीचा पत्रा फाटत नाही. कडेच्या आणि वळचणीच्या पर्लिनवर प्रत्येक रिबेला स्क्रू हवा, मधल्या पर्लिनवर एक सोडून एक चालेल. रबर किंचित फुगेल एवढंच घट्ट करा. कारागीर घाईत असतो आणि मशीन जोरात फिरवतो. चेपून बाहेर आलेलं रबर एका उन्हाळ्यात तडकतं.

पॅनेल ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी रंग जळतो, फोमची कड जळते आणि उडालेले लोखंडी कण वरच्या पत्र्यावर बसून पहिल्या पावसात तांबडे ठिपके उठतात. जिगसॉ किंवा धातूच्या कटिंगची वर्तुळाकार करवत वापरायला सांगा. संध्याकाळी मऊ झाडूने छप्पर झाडून घ्या, ड्रिलिंगचा कीसही राहता कामा नये.

कडा आणि भिंतीचा जोड

इथे वेळ द्या, पैसे द्या, स्वतः उभं राहा.

फोमची उघडी कड उन्हात तपकिरी पडते आणि भुगा होऊन गळते. त्याआधीच मुंग्या, चिमण्या, खारी आणि उंदीर त्यात घर करतात. म्हणून चारही कडांना पत्र्याचं फ्लॅशिंग हवंच. अनेक कोटेशनमध्ये ते धरलेलंच नसतं आणि पॅनेल बसल्यावर "वेगळं पडेल" असं सांगितलं जातं.

छप्पर भिंतीला टेकतं तिथे नुसता सिलिकॉनचा पट्टा मारून काम संपवतात. भिंत आणि पोलाद उन्हात वेगवेगळ्या मापाने पसरतात आणि वर्षभरात तो पट्टा सुटतो. भिंतीच्या प्लास्टरमध्ये छपरापासून सहा इंच वर इंचभर खोल आडवी खाच मारायची, फ्लॅशिंगची वरची कड वाकवून तिच्यात घालायची, खाच पीयू सीलंटने भरायची आणि फ्लॅशिंग पॅनेलवर पुढे निदान सहा इंच आणायचं. पाणी भिंतीवरून फ्लॅशिंगवर, तिथून पॅनेलवर, असं स्वतःच्या वजनाने उतरलं पाहिजे. सीलंट हा दुसरा बचाव आहे. पहिला बचाव वरच्या पत्र्याने खालच्यावर घेतलेला आच्छाद.

काम झाल्यावर शेवटचे पैसे देण्याआधी पाण्याची नळी लावा. आधी वळचण, मग सांधे, सगळ्यात शेवटी भिंतीचा जोड, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. खालून टॉर्चने बघा. खालूनच सुरुवात करायची, म्हणजे गळती दिसली की जागा लगेच कळते.

पंखा आणि वीज

पंखा जरूर लावा. झळ छपराने थांबवली की घाम वाळवायचं काम वाऱ्याचं, आणि उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असल्यामुळे पंख्याचा खूप उपयोग होतो. पंखा मुख्य तुळईला टांगायचा, पॅनेलला कधीच नाही. वायर पर्लिनच्या कडेने पाईपमधून न्या, फोमला भोकं पाडून आतून नेऊ नका. सगळा लोखंडी सांगाडा अर्थिंगला जोडा. गच्चीवर सोलर वॉटर हीटर आणि टाकी असेल तर त्यांच्यापर्यंत माणूस जाईल एवढी वाट सोडा. सोलरचे पॅनेल छपरावर बसवायचा विचार असेल तर तो आत्ताच सांगा, कारण त्यांचे पाय थेट पर्लिनवर यावे लागतात आणि वाऱ्याचा हिशेबही बदलतो.

कोटेशन कसं वाचायचं

"चौरस फुटाला इतके" हा एकच आकडा सांगणाऱ्याकडून पुढची माहिती लिहून घ्या: पॅनेलची जाडी, फोमची घनता, वरच्या आणि खालच्या पत्र्याची जाडी, पाईपचं माप आणि वजन, पाया कोणाकडे, फ्लॅशिंग, पन्हाळ, स्क्रू, वाहतूक, चढवण्याची मजुरी आणि जीएसटी. चौरस फूट जमिनीचा की छपराचा हेही विचारा. उतार आणि बाहेर काढलेली वळचण धरली की छप्पर जमिनीपेक्षा मोठं भरतं. सातपूर-अंबडमध्ये फॅब्रिकेटर भरपूर आहेत, तीन ठिकाणी हाच कागद द्या आणि तिघांना त्यांनी निदान दोन पावसाळ्यांपूर्वी केलेलं काम दाखवायला सांगा. नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं. जुन्या कामाच्या घरमालकाशी दोन मिनिटं एकटं बोला.

काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरका. मे महिन्यात सगळं शहर एकदम शेड करायला निघतं. घाईत रंग वाळत नाही, काँक्रीटला पाणी मारायला पुरेसे दिवस मिळत नाहीत.

दरवर्षी काय करायचं

होळीनंतर एकदा आणि मे महिन्याच्या मध्यावर एकदा छप्पर साध्या पाण्याने धुवा. धुळीचा थर बसला की पांढरा रंग ऊन परत फेकत नाही. मेमध्येच पन्हाळ साफ करा, स्क्रूची रबरं पाहा, तडकलेली बदला, खांबाच्या बुडाशी रंग सुटला असेल तर घासून पुन्हा लावा. वर चढायचं झालं तर दोन-तीन रिबांवर आडवी फळी टाकून तिच्यावरच पाय ठेवा, आणि सकाळी नऊच्या आत उतरा.